श्रीयुत पोर्टेबल जनरेटर यांस अनावृत पत्र

प्रति : श्रीयुत पोर्टेबल जनरेटर, मुक्काम दोन चाकांच्या पोलादी चौकटीत
प्रेषक : गोल करवत, रंधा मशीन व भुसा ओढणारा पंखा, एका सुतारखान्यातून
विषय : खोक्यावर छापलेल्या आकड्याबाबत

मान्यवर महोदय,

मंडपातील दिवे, कीर्तनाचा ध्वनिक्षेपक आणि दुकानातील पंखे यांच्या सेवेत महोदयांनी मिळवलेला लौकिक निर्विवाद असून त्यास धक्का लावण्याचा प्रस्तुत पत्राचा हेतू नाही. दिवा हा मुळात समाधानी ग्राहक असतो. त्यास पहिल्या क्षणी जेवढी वीज लागते, साधारण तेवढीच शेवटपर्यंत लागते, आणि म्हणून त्याच्याशी झालेल्या व्यवहारात महोदयांचा शब्द कधी खोटा पडत नाही. अडचण उद्भवते ती लाकूड कापणाऱ्या मंडळींशी गाठ पडल्यावर.

खोक्यावर ठळक अक्षरांत ‘३’ हा आकडा असतो, त्यापुढे कधी किलोवॅट तर कधी केव्हीए असे लिहिलेले असते, आणि त्याच्या बाजूला, भिंग घेऊन वाचल्यास, ‘कमाल’ हा शब्दही सापडतो. केव्हीए म्हणजे व्होल्टेज आणि प्रवाह यांचा निव्वळ गुणाकार, तर किलोवॅट म्हणजे त्यातून प्रत्यक्ष कामी येणारा भाग. या दोहोंच्या गुणोत्तरास पॉवर फॅक्टर म्हणतात आणि मोटारीच्या बाबतीत ते नेहमीच एकाहून कमी असते. दोन अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार पात्याला सुमारे १,५०० वॅट देते, परंतु तिची स्वतःची गळती आणि हा पॉवर फॅक्टर जमेस धरल्यास ती २३० व्होल्टवर सुमारे ११ अँपिअर, म्हणजे अडीच केव्हीए मागते. अडीच ही संख्या तीनपेक्षा लहान असल्याचे पाहून ग्राहक निश्चिंत होतो. गणित बरोबर असते, फक्त ते चालू असलेल्या मोटारीचे असते, आणि मोटार तर अजून सुरूच व्हायची असते.

थांबलेली मोटार म्हणजे केवळ तारेचे वेटोळे. ती फिरू लागली की तिच्यात विरोधी व्होल्टेज निर्माण होऊन प्रवाहाला आवर बसतो; तोपर्यंत मात्र ती आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या चार ते सहा पट, म्हणजे ४५ ते ६५ अँपिअर खेचू पाहते. महावितरणच्या तारेमागे मोठमोठी वीजकेंद्रे उभी असल्याने तिथे हा हिसका दिवे किंचित मंदावण्यापलीकडे जाणवत नाही. महोदयांमागे पेट्रोलची एक टाकी असते. परिणामी व्होल्टेज कोसळते, आणि टॉर्क, म्हणजे पाते फिरवणारा पीळ, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे २३० चे १६० व्होल्ट झाले की टॉर्क निम्म्याहूनही खाली येतो. कपॅसिटरवर सुरू होणाऱ्या मोटारीत सुरुवातीपुरती एक वेगळी वाइंडिंग असते, जी वेग सुमारे तीन-चतुर्थांश झाल्यावर सेंट्रिफ्यूगल स्विच बाजूला करतो. तो वेग आलाच नाही तर स्विच सुटत नाही, काही सेकंदांसाठी घडवलेली ती वाइंडिंग तापत राहते, आणि जळक्या वार्निशचा वास सुटल्यावर दोष बहुधा मोटारीला दिला जातो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दापोलीच्या पट्ट्यात छपरे उडवली आणि विजेचे खांबही आडवे केले, तेव्हा वासे आणि रिपा कापून हव्या असणाऱ्या घरांची गरज व वीज नसणे ही दोन्ही संकटे एकाच दिवशी आली. अशा वेळी महोदयांना पडवीच्या पलीकडे बसवून तीस मीटर लांबीची, एक चौरस मिलिमीटर जाडीची वायर ओढण्याचा मोह होतो. त्या वायरीत ५० अँपिअरला सुमारे ५० व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. मुळात उपाशी असलेल्या मोटारीच्या ताटातून आणखी एक घास काढून घेण्याचाच हा प्रकार होय.

येथे न्यायबुद्धीने नमूद करणे आवश्यक आहे की सर्वच यंत्रांची महोदयांविरुद्ध तक्रार नाही. हातात धरायचे कटर, राउटर आणि हातरंधा यांत कार्बन ब्रशची मोटार असते. ती हलकी असते, क्षणार्धात वेग घेते, आणि तिचे महोदयांशी बरे जमते. जड करवतीसाठी थ्री फेज मोटार बसवून तिला व्हीएफडीवर, म्हणजे विजेची वारंवारिता शून्यापासून ५० हर्ट्झपर्यंत हळूहळू वाढवणाऱ्या उपकरणावर चालवल्यास सुरुवातीचा हिसकाच नाहीसा होतो. हे न परवडणाऱ्याने मोटारीच्या केव्हीएच्या तिप्पट क्षमतेचा जनरेटर घ्यावा, हा जुना ठोकताळा आहे, आणि भुशाचा पंखा करवतीने पुरता वेग घेतल्यावरच लावावा.

महोदयांच्या पूर्वजांचा उल्लेख टाळणे कृतघ्नपणाचे ठरेल. संथ गतीचे डिझेल इंजिन चामडी पट्ट्याने थेट करवतीला किंवा पिठाच्या जात्याला जोडले जाई तेव्हा मधे विजेचा वळसाच नव्हता, आणि लाकडात गाठ लागली तर जड गतिपालचक्रात साठलेली ऊर्जा तो धक्का पचवून टाकी. महोदयांचे वजन जेमतेम चाळीस-पन्नास किलो असल्यामुळे त्यांच्याकडून अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. खोक्यावरचा आकडा मात्र ती करायला लावतो.

दोन बाबतींत उपरोधास जागा नाही. पावसापासून बचावासाठी महोदयांना बंद खोलीत घेतल्यास रंग-वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड माणसाला झोपेतच मारतो. चेंजओव्हर स्विच न लावता, दोन्ही टोकांना पिना असलेल्या वायरीने घरच्या सॉकेटमध्ये वीज सोडल्यास तीच वीज खांबावरच्या रोहित्रातून उलटी जाऊन ११,००० व्होल्टची होऊ शकते, आणि तारा जोडायला खांबावर चढलेल्या वायरमनला त्याची कल्पना नसते.

सबब विनंती एवढीच की पुढील खोक्यावर ‘किती अश्वशक्तीची मोटार सुरू करील’ हे कमाल आकड्याइतक्याच ठळक टायपात छापावे. उत्तर एक अश्वशक्तीपेक्षा कमी येत असल्यास तेही छापावे. दिव्यांना त्याने काही फरक पडणार नाही.

कळावे,
गोल करवत, रंधा मशीन व पंखा (सध्या बंद)

प्रत माहितीसाठी : खोके छापणारा छापखाना, मोटार रिवाइंडिंगचे दुकान (हरकत असल्यास कळवावे).