एक मिनिट चालू राहू द्या

वाळूजमध्ये गाडी बनवलेला माणूस शोधू गेलात तर सापडणार नाही. शॉकॲब्सॉर्बरवाला सापडेल, ब्रेकवाला सापडेल, रबरी बुशवाला सापडेल. पेंटशॉपमध्ये उभा जन्म फक्त पेट्रोलच्या टाक्या रंगवलेले एक गृहस्थ तर आमच्याच लेनमध्ये राहतात. १९८५ साली बजाजचा कारखाना इथे सोळा महिन्यांत उभा राहिला, उद्घाटनाला राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग आले, आणि तेव्हापासून नगर रोडच्या या माळावरून दुचाक्या आणि रिक्षा नुसत्या वाहत बाहेर पडताहेत. पण ‘ही गाडी मी बनवली’ असं सांगणार कोण? ज्याने त्याने आपापला तुकडा बनवला. मी किक शाफ्ट बनवला.

एकतीस वर्षं. टर्निंग, स्प्लाइन, हीट ट्रीटमेंट असे संस्कार होऊन शाफ्ट माझ्यापुढे ग्राइंडिंगला यायचा. मी त्याच्या अंगावरून केसाच्या जाडीपेक्षाही कमी धातू काढायचो आणि पुढच्या ट्रेमध्ये ठेवायचो. गो गेज गेला पाहिजे, नोगो अडकला पाहिजे, एवढंच माझं अध्यात्म. मग जग सेल्फ-स्टार्टवर गेलं. आताच्या पोरांना किक कुठल्या बाजूला असते तेही आठवून सांगावं लागतं. म्हणून सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांची बातमी वाचली तेव्हा माझा ऊर भरून आला. त्यांनी भंगारातून साठेक हजारांत चारचाकी उभी केली आणि ती सुरू करायला चक्क किक लावली! चारचाकीला किक! माझ्या व्यवसायाचा एवढा सन्मान आजवर कुणी केला नव्हता. आनंद महिंद्रांनी २०२२ च्या जानेवारीत ती गाडी ठेवून घेतली आणि बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली. लोकांचं लक्ष बोलेरोकडे गेलं. माझं किककडेच राहिलं.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या महिन्यात भाचा आला. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे जगातलं सगळं कळतं आणि पाना उलटा धरतो. पार्किंगमध्ये माझी मारुती ८०० उभी होती. तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घालून तो म्हणाला, “मामा, हिला टर्बो लावू.”

मी म्हटलं, “आधी हिला बॅटरी लाव.”

पण पोरगं तयारीनं आलं होतं. जपानमध्ये १९८७ साली सुझुकीने ‘आल्टो वर्क्स’ नावाची गाडी काढली. इंजिन साडेपाचशे सीसीचं, पण टर्बो लावल्यावर ताकद ६४ अश्वशक्ती. आमच्या ८०० चं इंजिन तिच्याहून मोठं आणि ताकद ३७. म्हणजे नात्यातला जपानी पोरगा अंगाने बारीक असून पावणेदोनपट कमावतो आणि आपली पोरगी पार्किंगमध्ये बसून आहे, असं ते चित्र होतं. नातेवाइकांशी तुलना करून डिवचलं की मराठी माणूस कशालाही तयार होतो. मी होकार दिला.

टर्बो म्हणजे काय, हे बायकोला समजावताना मलाच नीट समजलं. इंजिनात जळलेल्या पेट्रोलची जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा सायलेन्सरमधून गरम धूर होऊन वाया जाते. त्या धुराच्या वाटेत एक पंखा बसवायचा. धुराने तो फिरला की त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त आणि म्हणून ताकद जास्त. अल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं. पुढे वीसेक वर्षांनी दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना ही युक्ती लावली, तर १७५० ची ताकद २५०० अश्वशक्तीवर गेली. ही सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “म्हणजे फोडणीची पोळीच की. कालचं वाया जाणारं आज जास्त चवीनं.” ब्युखीला हे ऐकायला मिळालं नाही याचं मला वाईट वाटतं.

टर्बो भंगारात मिळाला, अपघातात गेलेल्या एका छोट्या डिझेल गाडीचा. दुकानदाराने तो बोटाने फिरवून दाखवला. “देखो चच्चा, एकदम मक्खन!” मी सवयीने दांडा धरून हलवला. आडवा किंचित हलला, ते ठीक; हे बेअरिंग तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतं, तेवढी ढिलाई लागतेच. उभा हलला नाही. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा तो दांडा माझ्या करंगळीपेक्षा बारीक होता. एकतीस वर्षं ग्राइंडिंग केलेल्या माणसाने त्याच्याकडे पाहिलं ते गायकाने दुसऱ्याच्या तानेकडे पाहावं तसं. कुणीतरी कुठेतरी उभा राहून हा घासला असेल. त्यानेही आयुष्यभर एवढंच केलं असेल.

पुढचे चार महिने आमच्या रो-हाऊसच्या पार्किंगचा वर्कशॉप झाला. तुळशीवृंदावनापासून मीटरपेटीपर्यंत अंतर सोळा फूट, त्यात गाडी अकरा फूट. उरलेल्या जागेत मी, भाचा आणि पापडाचं वाळवण. वाळूजचा एक फायदा असा, की वस्तू लागली तर दुकानात जावं लागत नाही, नुसतं लेनमध्ये बोलावं लागतं. मॅनिफोल्डची फ्लँज एकाने दुपारच्या सुट्टीत कापून आणली, टिग वेल्डिंगवाला दुसऱ्या लेनचा, होजपाइप ज्यांच्याकडून आला ते जन्मभर होजपाइपच करत होते. टाक्या रंगवणारे गृहस्थ रोज संध्याकाळी येऊन विचारायचे, “टाकीला काही काम आहे का?” टाकीला काही काम नव्हतं. शेवटी त्यांचं मन मोडवेना म्हणून इंटरकूलरची चौकट रंगवायला दिली. तिला त्यांनी तीन हात दिले. जगातल्या कुठल्याही इंटरकूलरची चौकट एवढी चकाकत नसेल.

इंटरकूलर का लागतो, हे सायकलला हवा भरलेल्या कुणालाही कळेल. हवा दाबली की तापते, पंपाचं बूड हाताला चटका देतं. तापलेली हवा इंजिनात गेली तर पेट्रोल आपल्या वेळेआधीच भडकतं, आत हातोडी मारल्यासारखा आवाज येतो, आणि पिस्टन जातो. म्हणून दाबलेली हवा आधी जाळीतून फिरवून गार करायची, चहा बशीत ओततो तशी. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबिलने ‘जेटफायर’ ही टर्बोवाली मोटार काढली तेव्हा त्यांनी बशीऐवजी दुसरा उपाय केला. डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉलचं मिश्रण एका टाकीत ठेवलं, ते आपोआप इंजिनात फवारलं जाई. मालकाने फक्त टाकी भरत राहायची. मालक विसरले. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी टाकायला विसरणारा माणूस फक्त आपल्याकडे नसतो, हे कळल्यावर मला अमेरिकेबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली. शेवटी कंपनीनेच बऱ्याच गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले.

आमची चूक मात्र अस्सल स्वदेशी. टर्बोला तेल जातं दाबाने, पण परत इंजिनच्या चेंबरमध्ये येतं ते फक्त उताराने, नाल्याच्या पाण्यासारखं. जागा नाही म्हणून आम्ही टर्बो खाली बसवला. उतार राहिला नाही. पहिल्यांदा इंजिन सुरू केलं तेव्हा अर्धा मिनिट सगळं शांत, मग सायलेन्सरमधून पांढराशुभ्र धुराचा लोट निघाला आणि त्याने लेन भरली. डासांच्या औषधाची गाडी आली असं समजून बायकांनी धडाधड खिडक्या लावल्या, पापडांवर धोतर पडलं, आणि लेनमधली सगळी पोरं ओरडत धुरात शिरली. पोरांचा आनंद बघून मला क्षणभर वाटलं, राहू द्यावं असंच.

टर्बो चार इंच वर घेण्यात तीन आठवडे गेले. या काळात बघ्यांची रीघ लागली. इथे मला एक शोध लागला. मराठीत मोटारीच्या कर्तृत्वाला दोनच शब्द आहेत, पिकअप आणि ॲव्हरेज. इंग्रजी मासिकांत गाडीबद्दल वीस पानं लिहितात. आपल्याकडे माणूस बॉनेटवर हात ठेवतो, “पिकअप कसाय?” विचारतो, आणि उत्तर पुरं व्हायच्या आत खरा प्रश्न येतो, “ॲव्हरेज काय देते?” यातला एक दुसऱ्याला खातो, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दोन्ही हवे असतात. भाचा पिकअपबद्दल बोलायचा. मी ॲव्हरेज विचारलं की ऐकूच आलं नाही असं दाखवायचा. शहराच्या दुसऱ्या टोकाला, शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यातून विसेक वर्षांपूर्वी ‘ऑक्टाव्हिया आरएस’ निघत असे. १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० अश्वशक्ती. तिचाही ॲव्हरेज लोकांनी विचारलाच असणार.

आणि आमचं वाळूज? इथे बजाजची ‘क्यूट’ बनली. २१६ सीसी, मागे इंजिन, चार चाकं, दारं, छप्पर, आणि ताशी ७० च्या पुढे जायचंच नाही अशी घातलेली शपथ. कायदा तिला कार म्हणत नाही, क्वाड्रिसायकल म्हणतो. लोक हसले, पण मला विचाराल तर ज्याने ती शपथ घातली त्याने आमचे रस्ते पाहिलेले होते. दुपारच्या शिफ्टला कामगार चौकात उभं राहून बघा. कंपन्यांच्या बसेस, डबा अडकवलेल्या मोटारसायकली, मालाचे टेम्पो, मधोमध रवंथ करणारी म्हैस. आषाढीला तर प्रतिपंढरपूरला निघालेल्या दिंड्यांनी अख्खा नगर रोडच पायी चालत असतो. तिथे साठ अश्वशक्तीचं करायचं काय? म्हशीला काय पिकअप दाखवायचा?

रस्त्यावर नेण्याचा प्रश्न तसा कायद्यानेच मिटवला होता. नोंदणीच्या पुस्तकात जे आहे त्यात मनाने फेरफार करायचा नाही. केला तर दर फेरफाराला पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मी वही काढून आमचे फेरफार मोजले. सात भरले. पस्तीस हजार, म्हणजे गाडीच्या किमतीहून जास्त. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींची आठवण झाली. त्यांनी १९४९ साली ‘मीरा’ या छोट्या मोटारीचा पहिला नमुना केला, पुढे पंचवीस वर्षं ती सुधारत राहिले, पण ती बाजारात काही आली नाही. घरी केलेली गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये आपल्याकडे फार मोठा रस्ता आहे.

म्हणून एका रविवारी गाडी टेम्पोत घालून ओळखीच्या एका बंद शेडच्या आवारात नेली. चारही बाजूंनी भिंत, मध्ये एकशेवीस मीटरचं काँक्रीट. भाच्याचा हात थरथरत होता, म्हणून स्टिअरिंगवर मी बसलो.

ॲक्सिलरेटर दाबला. काही झालं नाही. टर्बोचं हे असंच असतं म्हणे, धूर वाढेपर्यंत पंखा जागा होत नाही. शिफ्ट सुटताना बघितलंय ना? सायरन होतो, आणि मिनिटभर गेटातून एक चिटपाखरू बाहेर येत नाही. नवख्याला वाटतं आज सुट्टी आहे की काय. आणि मग एकदम सगळे येतात. तसंच झालं. बॉनेटखालून शिट्टीसारखा बारीक आवाज चढत गेला, आणि जिने आयुष्यभर मला मंडईत नेऊन आणलं ती गाडी कुणीतरी मागून लाथ घातल्यासारखी उसळली. मी “पांडुरंगा!” म्हणालो. हे सगळं होईपर्यंत ऐंशी मीटर संपले होते. पिकअप आला तेव्हा भिंतही आली.

ब्रेक लागले. ब्रेक वाळूजचेच होते. भिंतीपासून चार हातांवर गाडी थांबली. माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. भाचा धावत आला आणि विचारू लागला, “मामा, कसं वाटलं?” मला सांगायचं होतं खूप काही, पण तोंडातून निघालं, “पुन्हा एकदा.” पुन्हा सहा वेळा झालं. ॲव्हरेज कुणीच विचारला नाही.

आता गाडी पार्किंगमध्येच असते. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी मी ती जागेवर सुरू करतो, तेल गरम होऊ देतो, जरा रेस देतो, शिट्टी ऐकतो. पेंटवाले गृहस्थ चौकट पुसून जातात. भाच्याने बजावून ठेवलंय, की टर्बोची गाडी रेस दिल्या दिल्या कधीच बंद करायची नाही. पंखा अजून फिरत असतो, आतलं लोखंड तापलेलं असतं, आणि तेल एकदम थांबलं तर बेअरिंगमध्ये जागच्या जागी जळून कोळसा होतं. मिनिटभर तशीच हळू चालू ठेवायची. फिरता फिरता गार होऊ द्यायची.

काल मी तसाच आत बसलो होतो. हिने दारातून हाक मारली, “अहो, काय करायलात तिथं? बंद करा आता, भाकरी गार व्हायली.”

काचेतून हात बाहेर काढून मी एक बोट दाखवलं.