सातेरी पळवून लावण्याची सोपी रीत

डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत मधपेट्या ठेवतात, म्हणून पालघरच्या घरामागेही एक ठेवायची, एवढा विचार नवशिक्याला पुरे. सातेरी मधमाशी मुळात मानी. मनाविरुद्ध झालं की राणीसकट सगळी वसाहत उठून जाते. तेव्हा तिला घालवायला फार कष्ट नाहीत. पेटी तेवढी चुकीची हवी.

सुरुवात बोईसरच्या भंगारवाल्यापासून करा. पॅलेटच्या फळ्या स्वस्त पडतात. त्यांवर 'एमबी' असा शिक्का दिसला तर सोडू नका. मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिल्याची ती खूण. धुरी किडे मारायला असते आणि माशीही कीटकच, म्हणजे सोयच झाली.

फळ्या संपल्या असतील तर रसायनाचं निळं पिंप घ्या. फुलांचा रस आटवून मध करताना माश्यांना त्यातलं बरंचसं पाणी वाफेवाटे उडवावं लागतं. लाकूड थोडा ओलावा शोषतं, प्लास्टिक काहीच नाही. ते पाणी भिंतींवर जमतं, पोळ्यावर टपकतं, मध पातळ राहून आंबतो. पोळ्याला बुरशी येते ती वेगळी.

पत्र्याची पेटी मे महिन्यासाठी उत्तम. पिलांना 33 ते 36 अंश लागतात. पत्रा तापला की कामकरी माश्या मकरंद सोडून पाणी वाहतात आणि पंखांनी वारा घालत बसतात. मध कोण गोळा करणार, हा प्रश्न त्यांना विचारू नये.

युरोपात घट्ट पॉलिस्टायरीनच्या पेट्या चालतात, आतली ऊबही छान टिकते. हा दाखला देऊन सातपाटीहून पापलेटचा थर्माकोलचा खोका आणा. मुंग्या त्यात घर करतील, मेणकिड्याच्या अळ्या तो पोखरतील. वास तुम्ही धुऊन काढालच.

प्लायवूडला जूनपर्यंत धीर द्या. पावसात ते फुगतं, चौकटी अडकतात, प्रत्येक तपासणीला हिसका द्यावा लागतो. हिसका सातेरीला अजिबात खपत नाही.

एवढं करूनही ती टिकलीच, तर चौकटींमधली फट बिघडवा. लँगस्ट्रॉथने 1851 साली या फटीचं मर्म ओळखून हलत्या चौकटींची पेटी बनवली. सातेरीसाठी ती साधारण 8 मिलिमीटर. तुम्ही बोटभर ठेवा. ती आडवंतिडवं पोळं बांधून चौकटी एकमेकींना जोडून टाकेल.

मग एका सकाळी पेटी रिकामी. माश्या बहुधा शेजारच्या जुन्या लाकडी मीटरपेटीत सापडतील: जाड फळी, अंधार, छोटंसं भोक. महावितरणला फोन मात्र तुम्हीच करायचा.