साल कुणी खायची?

मे महिन्यात कोकणात दोन टेम्पो एकमेकांना ओलांडून जातात. घाटावरून उतरणाऱ्यात कडबा आणि सरकी पेंडीची पोती, कॅनिंगच्या कारखान्यातून निघणाऱ्यात हापूसच्या साली आणि बाठे. पहिल्याचं भाडं गोठेवाला भरतो, दुसऱ्याचं कारखानदार. एक माल पैसे मोजून आणायचा, दुसरा पैसे मोजून वळणावरच्या खड्ड्यात ओतायचा. वैरणीचे भाव कडाडतात आणि सालीचे ढीग लागतात, दोन्ही एकाच महिन्यात. ही गोष्ट फक्त गाईच्या लक्षात आली आहे, पण तिला बैठकीचं निमंत्रण नसतं.

बैठका मात्र होतात. ‘कचऱ्यातून कांचन’ असा फ्लेक्स लागतो. वेळ दहाची, समई पेटते साडेअकराला. रस काढल्यावर आंब्याच्या वजनाचा 40 ते 50 टक्के भाग साल-बाठ्यात जातो, अशी स्लाइड येते. सगळे माना डोलावतात. मग जेवणात आमरस-पुरी. मांडवामागे केटररनं ओतलेल्या सालींपाशी एक शेळी येते, आधी हुंगते, मग मान वर न करता ढीग सपाट करते. ना प्रकल्प अहवाल, ना अनुदान. प्रात्यक्षिक उरकलं, पण बघायला कुणी नाही. सगळे प्रमाणपत्रांच्या रांगेत.

शेळीचं कौतुकही बेतानंच करावं म्हणा. सालीत साखर भरपूर. एकदम पोटभर दिली तर जनावराचं पोट आंबतं, रवंथ थांबतो, डॉक्टरला बोलवावं लागतं. (निविदा खाणाऱ्यांना असा त्रास झाल्याचं ऐकिवात नाही.) शिवाय साल ओलीगच्च, मेच्या उन्हात बघता बघता माशा, मग बुरशी. बुरशी धरलेली साल गोठ्यात नेऊच नये. कोयीत टॅनिन असतं, तीही मोजूनमापूनच. उपाय साधा आहे. ताज्या सालीत भाताचा पेंढा मिसळायचा, ड्रममध्ये दाबून दाबून हवा काढायची, झाकण घट्ट लावायचं आणि दीडेक महिना हात लावायचा नाही. झाला मुरघास. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनं अननसाच्या टाकाऊ भागाचा असा मुरघास करून दाखवला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं तर 2013 मध्ये फळं-भाज्यांचा कचरा जनावरांना कसा चारावा, यावर अख्खं पुस्तक काढलं. ते आपल्याकडेही एखाद्या कपाटात असेल. किल्ली बहुधा साहेबांबरोबर बदलीवर गेली.

हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मान फळाला, साल अजून खड्ड्यातच.

तेव्हा कारखानदारांनो, पुढच्या मेमध्ये टेम्पो खड्ड्याकडे वळवण्याआधी जवळच्या गोठ्याला एक फोन करा. गोठेवाल्यांनो, पेंढा आणि झाकणाचे ड्रम एप्रिलातच तयार ठेवा. किती चारायचं ते पशुवैद्यकाला विचारा, थोड्यापासून सुरुवात करा. आणि बैठक घ्यायचीच असेल तर पावसाळ्यात घ्या, ड्रम उघडायला माणसं लागतीलच.