खिडकीवाले मालक यांस अनावृत पत्र

रा. रा. खिडकीवाले मालक यांस,
सा. न. वि. वि.

'मालक' म्हटलं म्हणून दचकू नका. इंग्लंडातल्या रेडिंगमधल्या आमच्या या गल्लीत डोक्यावर साहेब नसलेले तुम्ही एकटेच. मी आयटीत, डावीकडच्या बाई एनएचएसमध्ये नर्स, समोरचे गृहस्थ कौन्सिलात. सगळे पगारी, सगळे कुणाच्या तरी हुकमातले. आम्ही मीटिंगमध्ये माना डोलवत बसलेलो असताना काचेपलीकडे तुमचा ब्रश लांबलचक दांड्यावरून डुलत वर चढतो आणि मनात येतं, काय सुख आहे या माणसाचं! वाटलं तर काम, नाहीतर नाही. मराठी माणसाने धंद्यात उतरावं असं आमच्याकडे प्रत्येक संमेलनात कोणीतरी नोकरदार पोटतिडकीने सांगतो, त्यामुळे धंदेवाल्याविषयी आदर आमच्या रक्तातच आहे. तरीही काही तक्रारी साठल्यात. नोकराची तक्रार त्याच्या साहेबाकडे करावी लागते. तुमच्या बाबतीत तो हेलपाटा वाचतो.

पहिली तक्रार पावसाची. तुम्ही पाऊस पडत असताना खिडक्या धुता. एकदा हटकलं तर छत्रीत उभ्या असलेल्या मला तुम्ही भिजत भिजत शास्त्र समजावलंत, की पावसाने काच घाण होत नाही, आधीच बसलेली धूळ पावसाने ओघळते आणि तिचे डाग दिसतात. काच नीट धुतलेली असेल तर वरून पाऊस पडला तरी बिघडत नाही. खरं वैर वाऱ्याशी, आणि थंडीत नळी गोठते त्या सकाळींशी. पटलं मला. पण इथल्या आभाळाकडे बघून 'आज नको, पुढच्या खेपेला बघू' असा मेसेज टाकायला बोट शिवशिवतंच. गल्लीतल्या पाच-सहा जणांची बोटं एकाच सकाळी शिवशिवली तर तुमचा दिवस कोरडा जातो, असं तुमच्या चेहऱ्यावरून वाटलं. पण मालकाला असे दिवस यायचेच. आणि पुढच्या खेपेला काचेवर दुप्पट मळ असतो म्हणून दुप्पट पैसे मागायचे नसतात. काच तेवढीच आहे, मी मोजली आहे.

दुसरी तक्रार गंभीर आहे. तुम्ही काच पुसत नाही. ब्रशने घासता, पाणी सोडता आणि ओली टाकून पुढच्या घरी जाता! ठाण्याला दिवाळीच्या आधी आमची आई वर्तमानपत्राचा बोळा घेऊन काच अशी कोरडी करायची की चिमणी आपटेल. इथे तुम्ही सांगता, पाणी शुद्ध आहे, आपोआप वाळेल. आता पाण्याचं मला शिकवू नका. रेडिंगचं नळाचं पाणी चुनखडीतून येतं, किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो. ठाण्याच्या बोअरिंगची आठवण येऊन डोळे पाणावतात. त्या पाण्याने धुतलेली काच तशीच वाळू दिली तर ठिपकेच ठिपके. तुम्ही ते पाणी रात्रभर आरओमधून काढता, उरलेले क्षार रेझिनच्या नळकांड्यातून काढता, आणि क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्य दाखवेपर्यंत समाधान मानत नाही. म्हणजे आमच्या पुण्याच्या मामांच्या घरी आरओ विकायला आलेला सेल्समन जो मीटर ग्लासात बुडवून घरच्यांना घाबरवतो, तोच तुम्ही व्हॅनमध्ये बाळगता. मामा ते पाणी पितात. तुम्ही ते माझ्या भिंतीवर ओतता. शिवाय त्या पाण्यातलं बरंचसं आरओ यंत्रातूनच वाया जातं आणि त्याचं बिल तुम्हीच भरता. यात धंद्याची अक्कल दिसत नाही.

त्या पाण्यापायी व्हॅनमध्ये चारशे लिटरची टाकी, म्हणजे चारशे किलो वजन. ते बोल्टांनी जखडलं नाही तर ब्रेक दाबल्यावर पुढच्या सीटवर येईल, म्हणून तोही खर्च. मग वर कार्बन फायबरचा दांडा. हलका असतो म्हणतात. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीखाली मान मागे टाकून दोन्ही हात वर धरून तो दिवसभर हलवायचा असतो, एवढंच. तुमचा डावा खांदा खाली आलेला दिसतो. जिमला महिन्याचे पैसे भरून माझाही तसाच आहे, तेव्हा त्याचं भांडवल नको.

डागाचं प्रकरणही मिटलेलं नाही. हॉलच्या काचेवर डाग राहिला म्हणून मी तुम्हाला फोटो पाठवला, तुम्ही तीन गल्ल्या पलीकडून परत आलात, बाहेरून बोट ठेवलंत, मी आतून ठेवलं. डाग आतल्या बाजूचा निघाला. ठीक आहे. पण डाग होता, हा माझा मुद्दा उरतोच.

आता दराविषयी. पंधराचे सोळा पौंड करताना तुम्ही महिनाभर आधी मेसेज पाठवलात, खाली 'सॉरी' लिहिलंत. इंधन, विमा, रेझिन, ब्रश अशी कारणांची यादी जोडलीत. इतकी कारणं फक्त लबाड माणूस देतो, असं माझं मत झालं. माझ्या पगारवाढीच्या वेळी मी एकच कारण देतो, दुसरी ऑफर. अगदी सुरुवातीला तुम्ही म्हणाला होतात, पहिल्या खेपेला चौकटीतला वर्षानुवर्षांचा मळ निघतो म्हणून पहिली सफाई महाग, पुढे नेहमीचा दर. तेव्हा मी वाटाघाटी केल्या होत्या. शेजारच्या दोन मराठी घरांची शिफारस केली, घाऊक भाव मागितला, वर दिवाळीला चकली दिली. चकलीचे पैसे मी कापले नाहीत हे नोंदवून ठेवा.

जुन्या काळी माझ्यासारख्या ग्राहकाला बरे दिवस होते. इंग्लंडात १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता. तो वाचवायला लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या, काही घरांत त्या अजून दिसतात. मी त्याच परंपरेत बसतो. म्हणून अधूनमधून 'या महिन्यात मागच्या खिडक्या राहू द्या, पुढच्याच करा' असं सुचवतो. पाहुणे पुढूनच येतात.

तुमचा धंदा पूर्वी रुबाबदार होता. १९३६ साली कॅलिफोर्नियात राहणाऱ्या एत्तोरे स्टेकोने या इटालियन माणसाने पितळेचा हलका वायपर काढून पेटंट घेतलं, आणि बोजड जुनी अवजारं अडगळीत गेली. त्याच साली इकडे जॉर्ज फॉर्म्बी खिडक्या पुसणाऱ्याचं गाणं घेऊन आला, शिडीवरून लोकांच्या खोल्यांत काय काय दिसतं ते सांगणारं. बीबीसीने ते लावायला नकार दिला. तुम्ही मात्र जमिनीवर उभे राहून दांडा हलवता. खाली उभं राहून दिसणार काय? तुमचं उत्तर होतं, २००५ चे उंचीवरच्या कामाचे नियम. वर चढणं टाळता येत असेल तर टाळा, असं ते सांगतात. शिडीवर बंदी नाही, पण घसरून पडलात तर पगारी रजा कुठली, आजारपणात नोकरदाराला कायद्याने मिळणारा पगारही स्वतःचा धंदा करणाऱ्याला नाही. पायाला प्लास्टर म्हणजे कमाईलाही प्लास्टर. बरोबर आहे हो, पण शिडीवर माणूस कष्ट करताना दिसतो. पैसे देणाऱ्याला जरा बरं वाटतं.

आदल्या संध्याकाळी तुमचा मेसेज येतो, 'उद्या येतोय, मागचं फाटक उघडं ठेवा, कुत्रा आत घ्या.' आमच्याकडे कुत्रा नाही. ही सरसकट भाषा मनाला लागते. फाटक उघडं ठेवायला मी विसरतो, त्यात गैर काय? तुम्ही फाटकावरून नळी टाकून, दांडा आडवा करून मागच्या खिडक्या कशातरी करता आणि पूर्ण पैसे मागता. शेजारच्या ऐंशीच्या आजींचे कचऱ्याचे डबे तुम्ही आत ओढून ठेवता, दार उघडायला वेळ लागला तर काळजीने फोन करता. ही सेवा आमच्या दरात का नाही, याचा खुलासा व्हावा.

पैशांचं म्हणाल तर पूर्वी तुम्ही संध्याकाळी दारोदार वसुलीला यायचात. गल्लीतले दिवे तेव्हा पटापट मालवायचे, टीव्हीचा आवाज कमी व्हायचा, लहान मुलं 'बाबा घरी नाहीत' म्हणायची, आणि हे बाबांनीच सांगितलंय असंही म्हणायची. त्यात एक ओलावा होता. आता तुम्ही बँकेचा खाते क्रमांक पाठवता, तिसऱ्या आठवड्यात 'एक आठवण' पाठवता, शेवटी डायरेक्ट डेबिटची लिंक. माझ्या खात्यातून माझ्या परवानगीशिवाय सोळा पौंड जाणार, म्हणजे परवानगी मी दिलेली असताना! हे काही मनाला पटत नाही.

एक मात्र फार झोंबलं. हा सगळा 'राउंड', म्हणजे ठरलेली घरं, तुम्ही आधीच्या खिडकीवाल्याकडून विकत घेतलात. महिन्याच्या कमाईच्या काही पटीत भाव ठरतो म्हणे. घरं लागून-लागून असली की भाव जास्त, कारण व्हॅन हलवावी लागत नाही. म्हणजे माझं घर, माझ्या खिडक्या आणि माझी सवय विकली गेली आणि मला पत्ता नाही. हिंजवडीत आमची कंपनी आम्हा सगळ्यांसकट विकली गेली तेव्हा निदान एचआरची मेल आली होती. तुम्ही त्यासाठी कर्ज काढलंत. मग पलीकडच्या गल्लीत एक पोरगा बादली आणि वायपर घेऊन दहा पौंडांत खिडक्या करू लागला आणि तुमची चार घरं गेली. स्कॉटलंडमध्ये १९८२ च्या कायद्याखाली कौन्सिलने ठरवलं तर खिडकीवाल्याला परवाना लागतो. इंग्लंडात बादली पुरते. तुमच्यावर निष्ठा म्हणून मी त्या पोराला लगेच फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी केला, त्याने उचलला नाही.

सरकारचं तुमच्यावर फार लक्ष असतं, हेही आम्हाला हेव्याचंच. एकतीस जानेवारीला कर, एकतीस जुलैला पुढचा हप्ता, आणि एप्रिल २०२६ पासून धंद्याची उलाढाल ५० हजार पौंडांच्या वर असेल तर दर तिमाहीचा डिजिटल हिशेब. ती मर्यादा २०२७ ला ३० हजारांवर येणार, २०२८ ला २० हजारांवर. रात्री टाकी भरत असताना तुम्ही व्हॅनमध्ये बसून पावत्यांचे फोटो काढून लॅपटॉपवर चढवता, तो लॅपटॉप मी तुम्हाला जुना म्हणून विकला होता. चांगला चालतो ना?

तर कृपया तक्रारींची दखल घ्यावी. लोभ असावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित ग्राहक
(पुढच्या खिडक्या)

ता. क. शाळेच्या सुट्टीत आम्ही सगळे भारतात जात आहोत. त्या काळातली खेप नको, तिचे पैसे धरू नका. परत येऊ त्याच्या आदल्या दिवशी मात्र सगळ्या खिडक्या करून ठेवा, मागच्यासुद्धा, सासूबाई सोबत येत आहेत. फाटकाला कुलूप असेल आणि किल्ली आमच्याबरोबर ठाण्यात. पण तुम्ही काढाल काहीतरी मार्ग. स्वतःचे मालक आहात.