लाइन बंद करा!

आपल्या संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे 29 विषय दिले आहेत. त्यांत 'इंधन आणि वैरण' आहे, ग्रामीण घरबांधणी आहे, ग्रामीण विद्युतीकरण आहे. म्हणजे घर पेटायला जे जे लागतं ते सगळं पंचायतीकडे. विझवायचं काम तेवढं बाराव्या अनुसूचीत, शहरांच्या वाट्याला. हे वाचल्यावर मला इतका आनंद झाला, की तो मी सासुरवाडीच्या ग्रामसभेत उभा राहून जाहीर केला. टाळी पडली नाही. मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग आग लागली म्हंजे कोन्या अनुसूचीले फोन कराचा जी?"

मी म्हणालो, म्हणूनच गावाचं स्वतःचं स्वयंसेवी अग्निशमन दल पाहिजे.

माझी सासुरवाडी काटोल तालुक्यात, संत्र्याच्या पट्ट्यात. मी नागपूरचा. देशभरच्या अग्निशमन अधिकाऱ्यांना शिकवणारं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरातच आहे. 1956 साली ते उत्तर प्रदेशात रामपूरला निघालं आणि पुढच्याच वर्षी आमच्याकडे आलं. त्याच 1957 मध्ये नागरी संरक्षणाची राष्ट्रीय संस्थाही इथेच सुरू झाली. दोन्ही सिव्हिल लाइन्समध्ये होती. या दोन्ही फाटकांवरून मी वर्षानुवर्षं स्कूटरनं कचेरीत गेलो आहे. शिवाय कचेरीतल्या प्रात्यक्षिकात एकदा लाल नळकांडं हातात धरून, पिन ओढून, ट्रेमधलं पेटतं डिझेल मी विझवलं होतं आणि त्याचा फोटो बायकोनं माहेरी पाठवला होता. सासुरवाडीत एवढी पात्रता पुरते. शिवाय जावयाला नाही म्हणायची त्या गावात पद्धत नाही. मी एकमतानं दलप्रमुख झालो.

दलाचं उद्घाटन 14 एप्रिललाच करायचं, असा माझा हट्ट होता. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर हा दिवस पाळतात. पण 14 एप्रिलला नागपूर जिल्ह्यात दुसरा कुठला कार्यक्रम ठेवणाऱ्याला नागपूरकर म्हणवून घ्यायचा अधिकार नाही. अख्खं गाव बाबासाहेबांच्या जयंतीत होतं, मीही मिरवणुकीत चाललो. उद्घाटन दुसऱ्या दिवशी झालं. त्यात मी गोदीची हकीकत रंगवून सांगितली: जहाजात स्फोटकांच्या जोडीला कापसाच्या गाठी होत्या, आग लागली ती त्या कापसात, कापूस आतल्या आत धुमसत राहतो, वरून कितीही पाणी मारा. हे वाक्य मी आवाज खाली आणून दोनदा म्हटलं होतं. ते मला पुढे आठवायला हवं होतं.

भाषणाच्या ओघात मी बेंजामिन फ्रँकलिनपर्यंत गेलो. त्यानं 1736 मध्ये फिलाडेल्फियात शेजाऱ्यापाजाऱ्यांना चामडी बादल्या घेऊन उभं केलं होतं. तिथून मी चिलीत उतरलो. त्या देशात आजही अग्निशमन दल म्हणजे बिनपगारी स्वयंसेवक. "मंग ते पोट कायनं भरते जी?" माझ्या साळ्यानं विचारलं. मी सांगितलं, दिवसा आपापली नोकरी करतात, भोंगा झाला की धावतात. साळा शांतपणे म्हणाला, आपल्याकडचे पोरं बुटीबोरीत नोकरीले आहे. भोंगा ऐकू जाईन काय? जगभरच्या स्वयंसेवी दलांची दुखती नस त्यानं पहिल्याच बैठकीत पकडली होती. मी विषय साहित्यखरेदीकडे वळवला.

साहित्य म्हणजे प्लास्टिकच्या लाल बादल्या, दोर, विजेऱ्या, एक फलक आणि शिट्टी. आगीच्या बादल्या जुन्या काळी गोल बुडाच्या का करत, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. जमिनीवर ठेवता येत नाही म्हणून ती बादली दुसऱ्या कामाला कोणी पळवत नाही. मी सपाट बुडाच्या आणल्या. त्यांत रेती भरून चौकात टांगल्या. रेतीचा भाव बघता ती आठवडाभर टिकली हाच गावाचा सज्जनपणा. मग एक बादली लग्नाच्या पंगतीत वरण वाढताना दिसली, एक विहिरीवर, एकीत कोणाची तरी कोंबडी अंड्यावर बसलेली. कोंबडी उठवायची नाही असं ठरलं. उरलेलं साहित्य सुरक्षित राहावं म्हणून मी ते गावाच्या मधोमध, चुलतसासऱ्यांच्या गोठ्यात, कुटाराच्या ढिगाशेजारी रचून ठेवलं.

आग तिथेच लागली.

मे महिन्याची दुपार होती. विदर्भातल्या मे महिन्यात गावात दुपारी जागं असतं ते वारं. मी कूलरसमोर आडवा होतो. "आग लागली वो!" अशी हाक ऐकून उठलो आणि सगळ्यात आधी शिट्टी शोधली. दलप्रमुखानं शिट्टीवाचून धावणं बरं दिसत नाही. चौकात येऊन मी जीव खाऊन ती फुंकली. तिचा परिणाम तात्काळ झाला. गल्लीत खेळणारी बारकी पोरं उंचीनुसार रांगेत उभी राहिली. शाळेत पीटीच्या सरांची शिट्टी तशीच वाजायची.

दलाचे सभासद म्हणाल तर अर्धे कारखान्यात, काही वऱ्हाडात गेलेले, दोघं काटोलला बँकेत. हजर होते ते म्हातारे, बाया, पोरं आणि मी. बायांनी कोणाच्या हुकमाची वाट न बघता विहिरीपासून रांग धरली होती. गुंड, घमेली, तेलाचे डबे हातोहात पुढे सरकत होते. मी रांगेत घुसलो, हात पुढे केले. माझ्यापर्यंत घमेलं आलं, की ते डोक्यावरून पलीकडे जाई. "राहू द्या न जी जवाईबुवा, तुमी कायले?" ज्या घरात मला पाण्याचा तांब्या स्वतः उचलू देत नाहीत, त्या घराला आग लागली म्हणून शिष्टाचार थोडाच जळतो! एका बाईनं तर ओलेत्या हातानं मला सावलीत खुर्ची आणून दिली.

तेवढ्यात साळ्यानं विहिरीवरची मोटार चालू केली आणि पाइपाची धार थेट गोठ्याच्या कवेलूंवर सोडली. चांगली जाड धार. गाव आनंदानं ओरडलं. आणि मला तारा दिसल्या. गोठ्याच्या कपाळावरून सर्व्हिस वायर गेली होती, आत बल्ब होता, पाणी तारेवर पडत होतं. चालू तारेवर पाणी म्हणजे धार धरणारा माणूस गेलाच. ही एक गोष्ट मला खरोखर येत होती. मी खुर्चीवर चढून ओरडलो, "लाइन बंद करा! पहिले लाइन बंद करा!"

जावयाचा शब्द. एक पोरगं सुसाट डीपीकडे धावलं. तिथे नेमका लाइनमन होता. त्यानं अख्ख्या गावाची लाइन पाडली.

साळ्याच्या हातातली धार आधी वाकली, मग खाली आली, मग त्याच्या चपलांवर टपटपू लागली. मोटारही त्याच लाइनीवर होती. विहिरीवर शांतता, गोठ्यावर चडचड आवाज. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण कोणी काही बोललं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तांत्रिकदृष्ट्या मी बरोबर होतो, आणि हे मी आजही सांगतो. खेड्यातल्या आगीत हा पेच कायमचाच आहे: पाणी विजेवर चालतं आणि वीज चालू असताना पाणी मारता येत नाही. लाइनमन नंतर म्हणाला, "त्या एका घराची वायर खांबावरून काढली असती न साहेब, झालं असतं." हे त्यानं इतक्या अदबीनं सांगितलं, की मी त्याला दलाचा तांत्रिक सल्लागार नेमून टाकलं.

पुढची कल्पनाही माझीच. बागाइतदाराच्या घरी संत्र्यावर फवारणी करायचा ट्रॅक्टरचा ब्लोअर उभा होता, टाकीत पाणी, विजेची गरज नाही. मी म्हणालो, आणा! तो आला, सुरू झाला, आणि त्याच्या पंख्याच्या वाऱ्यानं अर्धं पेटतं कुटार उचलून शेजारच्या घराच्या कवेलूंवर नेऊन टाकलं. पानापानापर्यंत औषध पोचवण्यासाठीच ते यंत्र केलेलं असतं; त्यानं आपलं काम चोख केलं.

इथे मोठी माय पुढे आली. ही माझ्या सासऱ्यांची चुलती, कमरेत वाकलेली, हातात विळा. तिनं पहिलं वाक्य ट्रॅक्टरवाल्याला टाकलं, "पंखा बंद कर बे, नळी लाव!" पंखा थांबला, हातातल्या नळीनं फवारा सुरू झाला. दुसरं वाक्य: "ढोरं सोडली काय?" कोणी सोडली नव्हती. ती स्वतः आत शिरली आणि गाठी सोडत न बसता विळ्यानं दावी कापली. मग तिनं घर आणि गोठा यांच्यामधली कवेलूची ओळ उतरवायला लावली, बांबू ओढून काढायला लावले. आगीला पुढे जायला वाटच राहू नये, हा हिशेब. हेच मी एका पुस्तकात आकृतीसह वाचलं होतं.

पलीकडच्या खोलीत भाव वाढेल म्हणून ठेवलेला कापूस होता, छतापर्यंत. एक ठिणगी तिथवर पोचली होती. मी घमेलं मिळवलंच शेवटी, आणि कापसावर रिकामं केलं. आणखी एक मागितलं. कापूस ओला, राखाडी, गप्प झाला. "विझला," मी जाहीर केलं. मोठी मायनं ढिगात हात घालून एक गाठोडं उपसलं आणि माझ्यासमोर उकललं. वरून चिंब, आत कोरडं, आणि मधोमध करंगळीएवढी लाल कड, ना ज्वाळा ना धूर, हळूहळू पुढे सरकणारी. "हे पाय," ती म्हणाली, "बाहेर वढा, पसरवा, मंग पानी." फोर्ट स्टिकीनचं माझं भाषण तिनं पहिल्या रांगेत बसून ऐकलं होतं. लक्ष देऊन ऐकणारी एकटी तीच असावी.

तालुक्याहून गाडी आली तेव्हा आग जमिनीवर बसली होती. गाडी वेळेत निघाली होती. पत्ता मी सांगितला होता. आमचं गाव खुर्द आहे. घाईत मी बुद्रुक म्हणालो. तिथल्या लोकांनी त्यांना चहा पाजून इकडे धाडलं. मग वेशीतली कमान आडवी आली. मागल्या वर्षी लोकवर्गणीतून उभारली, सुंदर आहे, पण टाकीची गाडी तिच्याखालून जात नाही. गाडी शेतातून फिरून आली. जवानांनी कापसाचा ढीग पुन्हा उलथला, भिंतीला हात लावून कुठे ऊब आहे ते पाहिलं, आणि त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यानं विचारलं, "साडेचार हजार लिटर काही मिनिटांत संपते, पुन्हा भरायला जवळ शेततळं कुठे आहे?" मला ठाऊक नव्हतं. "दलप्रमुख कोण इथले?" त्यानं विचारलं. साऱ्या गावानं अभिमानानं माझ्याकडे बोट केलं. मी त्या वेळी एक भुवई जळलेला, गुडघ्यापर्यंत चिखलात होतो आणि कोणी तरी माझ्यापुढे बशीत चहा धरला होता.

रात्री कापसाची राखण मला दिली. जागं राहायचं, हात फिरवत राहायचं, कुठे गरम लागलं की उकलायचं. काम बिनधोक्याचं आणि बसून करायचं होतं, जावयाला शोभणारं. पहाटे एक लाल कड मला सापडली. मी शिट्टी वाजवणार होतो, पण गाव नुकतंच झोपलं होतं.

सकाळी तलाठी पंचनाम्याला आले. कारण म्हणून पाचसहा जणांनी एका सुरात 'शॉर्ट सर्किट' सांगितलं. मोठी माय म्हणाली, चुलीची राख उकिरड्यावर टाकली होती, वाऱ्यानं उडाली. तलाठ्यांनी दोन्ही लिहून घेतलं. मग जळालेल्या वस्तू: कुटार, दोन दरवाजे, नांगर, बैलगाडीचं जू, काही कापूस.

"आणि ते लाल काय आहे?" तलाठ्यांनी काठीनं राख टोकरली. वितळून एकमेकींत घट्ट चिकटलेल्या बादल्या होत्या. त्यांच्यात फलकाचा एक कोपरा रुतला होता, त्यावर 'दल' एवढंच वाचता येत होतं.

"अग्निशमन दलाचं साहित्य," साळा म्हणाला.

तलाठ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून लिहायला लागले. "सगळंच गेलं काय?"

"शिट्टी वाचली," मोठी माय म्हणाली.

ती माझ्या गळ्यातच होती. त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिलं: शिट्टी, एक नग, सुस्थितीत.