अनुदानार्थी

पदव्युत्तर परीक्षेचे गुणपत्रक हाती पडले, की सामान्य मनुष्य नोकरीच्या आणि असामान्य मनुष्य ज्ञानाच्या मागे लागतो, अशी आमची बरीच वर्षे समजूत होती. परंतु ज्ञान तर हवेच, पण ते दरमहा खात्यावर जमा होणाऱ्या रकमेसह हवे, असे मानणारा एक तिसरा वर्गही या पुण्यात नांदतो, आणि कोणत्याही अभ्यासिकेत, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर अथवा विभागाच्या सूचनाफलकासमोर मान तिरकी करून उभा असलेला त्याचा एखादा प्रतिनिधी हटकून दृष्टीस पडतो. त्यास आम्ही अनुदानार्थी म्हणतो. त्याच्या मागणीत गैर असे काही नाही, हे आरंभीच नमूद करून ठेवलेले बरे. कारण विनावेतन संशोधन करा, असा उपदेश आजवर आम्ही ज्यांच्या ज्यांच्या तोंडून ऐकला, ते सर्व गृहस्थ सातव्या वेतन आयोगाचे लाभार्थी होते.

तो स्वतः या मागणीला याचना समजत नाही. तिच्यामागे परंपरा आहे, असे तो सप्रमाण सांगतो. पेशवाईत श्रावणमासी पुण्याच्या रमण्यात दक्षिणा वाटली जाई; राज्य बुडाले तरी एल्फिन्स्टनसाहेबास ती एकाएकी बंद करवली नाही; त्याच निधीतला पैसा वळवून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली गेली, आणि पुढे महाविद्यालयांतून दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. ही वंशावळ सांगून झाली की तो बडोद्यास जातो. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात धाडताना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली, हा दाखला तर त्याच्या जिभेवरच असतो. बाबासाहेबांनी त्या तीन वर्षांत केवढे वाचन केले, हा दाखल्याचा उत्तरार्ध मात्र तो सहसा उद्धृत करीत नाही.

वास्तविक संशोधकास लागणारे यच्चयावत गुण या गृहस्थाच्या ठायी आहेत. मूळ साधनांची ओढ, तपशिलाची चिकाटी, परस्परविरोधी पुराव्यांची छाननी यांपैकी कशाचीही त्याला वाण नाही. फक्त ते सारे शिष्यवृत्तीच्या शोधातच खर्ची पडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाची नियमावली त्याला जितकी मुखोद्गत आहे, तितकी खुद्द आयोगात कुणाला असेल की नाही, याची शंका वाटते. प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ याहून अधिक विद्यार्थी असू नयेत. ज्याच्या निवृत्तीस ३ वर्षांहून कमी अवधी उरला, त्याने नवा विद्यार्थी घेऊ नये. या कलमांच्या आधारे कोणत्या गाईडकडची जागा कोणत्या महिन्यात रिकामी होणार, याचे टिपण त्याच्या वहीत तारीखवार असते. त्यामुळे विभागातल्या एखाद्या सरांच्या सत्तावन्नाव्या वाढदिवसास इतर विद्यार्थी हार घेऊन जातात, तेव्हा निवृत्तीचे वय साठ धरून वजाबाकी केलेला हा गृहस्थ हळहळत जातो. एकदा तर तो आपल्या भावी गाईडसमोर उभा राहून अदबीने म्हणाला, "सर, आपल्याकडे एक जागा झाली आहे, असं समजलं."

"कुणाकडून समजलं?" सरांनी विचारले, कारण ती झाल्याची वार्ता त्यांच्यापर्यंत अद्याप पोहोचली नव्हती.

त्याच्या विषयाची कथा जराशी करुण आहे. इतिहासात एम.ए. झालेल्या या मुलाला मोडी उत्तम वाचता येते, आणि हे आम्ही उपरोधाने म्हणत नाही. घसटलेल्या, वाळवीने चाळणी केलेल्या कागदावरून त्याची दृष्टी जेव्हा अडखळल्यावाचून धावू लागते, तेव्हा शेजारी बसणाऱ्यालाही त्याचा हेवा वाटावा. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांनी सिद्ध केले खरे, तरी न उघडलेले रुमाल अद्याप ढिगांनी पडून आहेत, हे सांगताना त्याचा स्वर बदलतो. त्या रुमालांपैकी मावळातल्या एका परगण्याच्या जमाखर्चावर काम करावे, एवढीच त्याची मूळ इच्छा होती. परंतु जमाखर्चाला अनुदान नसून पर्यावरणाला आहे, असे समजताच तो परगणा पावसाळी झाला, आणि विषय ठरला 'पेशवेकालीन पर्जन्यमान'. पुढल्या जाहिरातीत शाश्वत विकास आला, तेव्हा पर्जन्यमान शाश्वत झाले. त्यापुढल्या वर्षी प्रस्तावात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रवेश झाला, आणि गेली सात-आठ पिढ्या निवांत पडलेल्या त्या कुलकर्ण्याच्या अक्षरावर आता एक यंत्र बसवले जाणार आहे, असे चार प्रतींत कळविण्यात आले.

मध्यंतरी त्याला विलायतेचेही वेध लागले होते. जर्मन विद्यापीठांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला टीव्ही-एल ई-१३ या वेतनश्रेणीचा अर्धा किंवा पाऊण पगार कसा मिळतो, हे तो इतक्या आत्मीयतेने सांगे, की ऐकणाऱ्याला तो तिकडूनच रजेवर आला असावा असे वाटे. जर्मन भाषा शिकण्याचा प्रश्न त्याने अनुदान मिळेपर्यंत तहकूब ठेवला होता. इकडच्या प्रकल्पांच्या जाहिराती आल्या, तर पद निव्वळ तात्पुरते आहे, मुलाखतीस येण्याजाण्याचा खर्च मिळणार नाही, आणि प्रकल्प संपताच नेमणूक आपोआप संपुष्टात येईल, ही तीन वाक्ये आधी वाचून मग तो विषय कोणता ते पाहतो.

घरी साताऱ्यास काका विचारतात, "अजून शिकतोच आहेस का रे?" यावर तो विद्येचे महत्त्व सांगत बसत नाही. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये झाली असून दोन वर्षांनी मूल्यमापन होऊन ती ४२,००० होते, घरभाडे भत्ता निराळा, असे तो सांगतो. काका गप्प होतात. आई मात्र आत जाऊन देवापुढे नेमकी कोणती रक्कम बोलावी, या पेचात पडते. कारण ही सारी वृत्ती त्याला मिळालेली नसून मिळू शकते एवढेच आहे, हे तिने ऐकून ठेवलेले असते.

अखेर तिशी ओलांडण्यापूर्वी, वयोमर्यादेचा दरवाजा लागता लागता, तो नेटमध्ये त्या वृत्तीस पात्र ठरला, गाईडकडची ती जागाही पदरात पडली, आणि रुजू झाल्याचा अहवाल त्याने स्वहस्ते दप्तरी दाखल केला. पेढे झाले. आता निदान रुमाल सुटतील, अशी आशा आम्हाला वाटू लागली. परंतु त्याची कीर्ती त्याच्याआधीच विभागात पोहोचली होती, आणि उत्पन्नाचा दाखला कोणत्या सालचा लागतो, कोणत्या गाईडकडे सप्टेंबरात जागा होईल, विषयात हवामान घालावे की लिंगभाव, असे विचारणाऱ्या नवागतांची त्याच्या टेबलाभोवती सकाळपासून रांग लागू लागली. तो कुणालाही विन्मुख पाठवीत नाही. त्यासाठी त्याने एक नवी वही घातली आहे. सहा महिने लोटल्यावर गाईडसाहेबांनी त्याला बोलावून घेतले, आणि पेशवे दप्तराचे काम सुरू झाले काय, अशी पृच्छा केली. दप्तर याच गावात, गणेशखिंडीपासून बसने जाता येईल इतक्या अंतरावर आहे.

"सर," तो म्हणाला, "आकस्मिक अनुदानाचे वर्षाचे १०,००० येतात, त्यात स्थानिक प्रवास बसतो की नाही, एवढं लेखा विभागाला विचारलंय. त्यांचं उत्तर आलं, की त्याच दिवशी जातो."