सीवाले सर

दौंडच्या जंक्शनात मनमाडकडून पुण्यास निघालेल्या गाडीचे इंजिन एका टोकाकडून सोडवून दुसऱ्या टोकास जोडले जाईपर्यंत उतारूंनी तिष्ठत बसावे, हा रिवाज अनेक दशके चालू होता. आणि तिष्ठण्याची विद्या ज्या गावाने इतकी आत्मसात केली, त्या गावात गोपाळवाडी रस्त्यालगतच्या एखाद्या माडीवर सी भाषा शिकवणारे सर निर्माण व्हावेत, यात नवल नाही. हे सर म्हणजे कोणी एक गृहस्थ नव्हेत. तालुक्याच्या प्रत्येक गावी त्यांची एक आवृत्ती असतेच. दौंडची आवृत्ती किंचित सविस्तर, इतकेच.

सरांच्या दप्तरी दोनच ग्रंथ पूज्य आहेत : खाकी कव्हर घातलेले, नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’, आणि फीच्या बाकीचे रजिस्टर. टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर त्यांची इतकी निष्ठा की, इंटिजर दोन बाईटचा असतो हे ते सूर्य पूर्वेस उगवतो त्या सुरात सांगतात; आणि कुरकुंभच्या एखाद्या पोराने आपल्या लॅपटॉपवर उत्तर चार येते अशी तक्रार मांडली, तर ‘नवा आहे तो, त्याला अजून वळण लागायचंय’ असा निवाडा देऊन मोकळे होतात. वास्तविक सोळा बिटांच्या त्या जुन्या कंपायलरपुरते सरांचे म्हणणे खरेच आहे, आणि इंटिजरचे माप सी भाषेने कायमचे बांधून दिलेलेच नाही. परंतु ‘अवलंबून आहे’ हे दोन शब्द उच्चारणे सरांना फी परत करण्याइतकेच जड जाते. व्हॉइड पॉइंटरचा पाठ तर त्यांनी वर्षानुवर्षे एकाच वाक्यात उरकला. ‘हा कशाकडेही बोट दाखवू शकतो, म्हणून सगळ्यांत हुशार, लिहून घ्या.’

असे असता एका सायंकाळी सर सोनवडीच्या शेतावरून, चुलतभावाने बांध कोरल्याच्या संतापात, तडक वर्गात आले. पाटसच्या विद्यार्थ्याने नेमकी तीच घटका साधून विचारले, ‘सर, मॅलॉककडून चाळीस बाईट घेतले, पण पॉइंटरवर साइझऑफ लावला की आठच येतात. बाकीचे बत्तीस गेले कुठं?’

‘अरे, चिठ्ठीवर गट नंबर लिहिला म्हणून क्षेत्र कळतं का?’ सर कडाडले. ‘जमीन दोन गुंठे असो की चाळीस एकर, चिठ्ठी तेवढीच! तू जमीन सोडून चिठ्ठी मोजतोयस. आणि व्हॉइड पॉइंटर म्हणजे नुसता गट नंबर, सातबारा नाही. त्यात एक मिळवून पुढं सरकशील, तर कुठं? चुलत्याच्या बांधावर! आधी उतारा दाखव, इंटिजर म्हण, फ्लोट म्हण, मग पाऊल टाक.’

वर्ग स्तब्ध झाला. जे पुस्तकातून तीन सत्रे उलगडले नव्हते, ते भाऊबंदकीने तीन मिनिटांत उलगडले. आणि ओघ आवरेना म्हणून सरांनी हेही सांगून टाकले की, फंक्शनकडे ॲरे पाठवला तर पहिल्या घटकाचा पत्ताच काय तो जातो, क्षेत्र घरीच राहते, म्हणूनच क्यूसॉर्टला नग किती आणि प्रत्येकाचे माप किती हे वेगळे लिहून द्यावे लागते. कर्निघन-रिचींच्या १९७८ च्या ग्रंथकाळी अशा बिनउताऱ्याच्या पत्त्यासाठी कॅरेक्टरचा पॉइंटरच राबवीत असत. व्हॉइड पॉइंटरला रीतसर सनद मिळाली ती १९८९ च्या अमेरिकी मानकात. हा इतिहास सरांना अवगत नव्हता, आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेही नाही. एकाने जीसीसी हा कंपायलर व्हॉइड पॉइंटरमध्येही बेरीज करू देतो, एकेक बाईट धरून, असे निदर्शनास आणले, तेव्हा ‘तो चुलत्याला फितूर असणार’ एवढेच सर म्हणाले.

इतक्यात मागच्या बाकावरून राखीव पोलीस दलाच्या वसाहतीतली एक मुलगी उठली. ‘सर, फ्रीला आपण नुसता पॉइंटर देतो, माप देतच नाही. मग किती जागा सोडायची ते त्याला कसं कळतं?’

सरांनी खडू खाली ठेवला. ‘अगं, मॅलॉकनं जागा देतानाच स्वतःच्या दप्तरी नोंद करून ठेवलेली असते.’

‘त्या नोंदीची नक्कल मिळते का, सर?’

‘भाषेच्या नियमात तशी तरतूद नाही.’

‘अर्ज केला तरी?’

‘अर्जानं काही होत नसतं,’ असे म्हणून सरांनी रजिस्टर पुढे ओढले. ‘तिसरा हप्ता कुणाकुणाचा राहिलाय?’